विमानाचे नाव-गाव

केए-२२ दिसले की गाडी बेळगावची, एमएच-०९ दिसले की कोल्हापूरकडची आणि जीए दिसले की गोव्याची, हे आपल्याकडची लहान मुलेही सांगतात. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीकडील भागावरही अशीच अक्षरे रंगविलेली असतात. ती वाचण्याच्या फंदात मात्र सहसा कोणी पडत नाही. वास्तविक विमानाचे नाव, गाव आणि कुळ त्यांत सामावलेले असते, आणि प्रसंग पडल्यास जाब कोणाला विचारायचा हेही त्यांवरूनच कळते.

भारतीय विमानाच्या नोंदणीत पाच अक्षरे असतात. पैकी पहिली दोन, व्हीटी, ही राष्ट्राची खूण होय. पुढची तीन त्या एका विमानाची. पाकिस्तानची खूण एपी, नेपाळची ९एन, श्रीलंकेची ४आर, तर जर्मनीची नुसती डी. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, त्या 'पस मॉथ' विमानाचा क्रमांक व्हीटी-एडीएन असा होता.

हे व्हीटी आले कोठून? १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशोदेशींना बिनतारी संदेशासाठी सांकेतिक अक्षरे वाटून देण्यात आली. विमानांच्या खुणा त्यांवरूनच ठरल्या. त्यापूर्वी भारतातील विमानांवर ब्रिटनचे जी हे अक्षर असे. 'व्हाइसरॉय टेरिटरी' असा व्हीटीचा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो आणि ही खूण बदलावी अशी मागणी संसदेतही झालेली आहे. परंतु व्हीने सुरू होणाऱ्या खुणा त्या वेळी ब्रिटिश साम्राज्यातील अनेक प्रदेशांच्या वाट्याला आल्या होत्या. ऑस्ट्रेलियाची व्हीएच ही खूण त्यांपैकीच आहे.

उरलेली तीन अक्षरे साधारणपणे क्रमाने दिली जातात. एसओएस किंवा पॅन यांसारखी, संकटाच्या हाकेशी घोटाळा करणारी अक्षरे टाळतात. मोकळ्या असलेल्या अक्षरांतून मालकाला आपल्या पसंतीचीही मागता येतात. हौस येथूनच सुरू होते! अमेरिकेत एन या अक्षरापुढे जास्तीत जास्त पाच अंक-अक्षरे येतात. आय आणि ओ ही अक्षरे १ व ० यांच्यासारखी दिसतात म्हणून ती वर्ज्य. नट जॉन ट्रॅव्होल्टा यांनी आपल्या बोइंग ७०७ साठी एन७०७जेटी हा क्रमांक घेतला होता. त्यात विमानाचा प्रकारही आला आणि मालकाची आद्याक्षरेही! ब्रिटनच्या एका कॉन्कॉर्ड विमानावर जी-बीओएसी अशी अक्षरे होती. बीओएसी हे जुन्या विमान कंपनीचे नाव. ते विमान १९७५ साली प्रथम आकाशात गेले, तेव्हा ती कंपनी ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झालेली होती. आपल्याकडे विजय मल्ल्या यांच्या विमानावर व्हीटी-व्हीजेएम ही अक्षरे होती. कराच्या थकबाकीपोटी ते विमान जप्त झाले आणि २०१८ साली लिलावात गेले. शेपटीवर नाव घातले म्हणून मालकी टिकत नाही, हेच खरे.

हौस काहीही असो, एका नियमातून कोणाचीच सुटका नाही. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे विमानाची नोंदणी एका वेळी एकाच देशात असू शकते. ज्या देशात नोंदणी, त्या देशाचे ते नागरिक. ते उडण्यास योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मुळात त्याच देशाची असते. विमान परदेशात विकले, तर जुनी नोंद रद्द करून नवी घ्यावी लागते.

एक घोटाळा मात्र टाळावा. तिकिटावरचा क्रमांक हा फेरीचा असतो, विमानाचा नव्हे. आज जी फेरी एका विमानाने झाली, तीच उद्या दुसऱ्या विमानाने होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या एअर इंडियाच्या फेरीचा क्रमांक १७१, तर विमान व्हीटी-एएनबी. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला. पुढे कंपनीने १७१ हा क्रमांक वापरातून काढला, पण व्हीटी-एएनबी ही अक्षरे कागदोपत्री राहिलीच. त्या विमानाची दुरुस्ती कधी झाली, कोणता भाग केव्हा बदलला, याच्या नोंदी त्याच नावाने शोधाव्या लागतात.

म्हणूनच रंगविलेल्या अक्षरांवर भिस्त न ठेवता, प्रत्येक विमानात दाराजवळ हीच अक्षरे कोरलेली धातूची एक पट्टी बसविण्याचा नियम आहे. ही पट्टी आगीत न जळणारी असावी लागते. रंग जळून गेला, तरी ते विमान कोणते आणि कोणत्या देशाचे, हे सांगणारे काहीतरी मागे उरावे, एवढाच त्यामागचा हेतू.