भिंती नसलेली बालवाडी

जर्मनीतली ‘वाल्डकिंडरगार्टन’, म्हणजे जंगलातली बालवाडी, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय! साधारण 3 ते 6 वर्षांची मुलं रोज सकाळी रानात जमतात, पाऊस असो की बर्फ. वादळाच्या दिवशी मात्र झाडांखाली जायचं नाही. आसऱ्याला बहुतेक ठिकाणी एक लाकडी गाडी असते, तेवढीच.

खेळणी जवळपास नसतातच. ओंडका कधी बस होतो, कधी दुकान. काय खेळायचं हे मुलंच ठरवतात आणि मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. एखादं पोर गोगलगाय बघत बसलं, तर ताई त्याला ‘चल चल’ करत नाही. शेजारी बसते, विचारलं तरच बोलते. चाकूसुद्धा हातात देतात! पण तासायचं ते बसूनच, पातं अंगापासून लांब नेत आणि चाकू हातात घेऊन चालायचं नाही. वाटेवर थांबायच्या जागा ठरलेल्या. पुढे पळालेली मुलं तिथे आपणहून थांबतात. रानातली बोरं-बेरी तोंडात घालायची नाहीत, कारण कोल्ह्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या पट्टकृमीचा धोका.

मूळ कल्पना डेन्मार्कची, 1950 च्या दशकातली. एला फ्लाटाऊ यांची. जर्मनीत 1968 मध्ये उर्सुला झुबे यांनी वीसबाडेनला अशी बालवाडी काढली, पण सरकारमान्य बालवाडीसाठी 1993 उजाडावं लागलं, तेही फ्लेन्सबुर्गमध्ये. आज जर्मनीत अशा दोन हजारांहून जास्त बालवाड्या आहेत.