लांब मालाला रॅक कोणता?

मुरबाडच्या एमआयडीसीत काय किंवा भिवंडीच्या गोदामांत काय, खोक्यांच्या रॅकवर ६ मीटरचा पाइप चढवायला गेलं की पुढचे खांब आडवे येतात. अशा मालाला कँटिलिव्हर रॅकच हवा: खांब मागे, हात पुढे, समोरची बाजू मोकळी.

हातांमधलं अंतर दुप्पट केलं, तर स्वतःच्या वजनाने पाइपला येणारा बाक सुमारे १६ पट होतो. म्हणून ६ मीटरच्या पाइपाला २-२ मीटरवर ३ हात द्यावेत. दोन्ही टोकं १-१ मीटर बाहेर राहतात. वजन हाताच्या मध्यावरून टोकाशी गेलं, की मुळाशी ताण दुप्पट! जड माल खालीच ठेवा आणि खांब काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने पक्के करा. रॅकखाली माणसं वावरतात. हा हिशेब त्यांच्या जिवासाठी आहे.