पत्ता संस्थेचा की स्वतःचा?

मागच्या आठवड्यात संकेतस्थळ तयार कसं करायचं ते पाहिलं. ते ठेवायचं कुठे, हा आजचा विषय. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत हा प्रश्न सहसा नॅकच्या मूल्यांकनाची तारीख जवळ आली की उठतो, कारण अहवालाला पुराव्यांच्या लिंक जोडाव्या लागतात. मग ‘कॉम्प्युटरच्या सरांना सांगा’ म्हणून सगळे मोकळे होतात.

आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंच पाहा. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन १५ ऑगस्ट १९९० ला ते उभं राहिलं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पाटी बदलली, पण ‘एनएमयू डॉट एसी डॉट इन’ हा पत्ता तोच ठेवला. हे शहाणपणाचं झालं, नाहीतर जुन्या परिपत्रकांच्या लिंक एका रात्रीत मेल्या असत्या. शिवाय ‘एसी डॉट इन’ हे शेपूट बाजारात विकत मिळत नाही. अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था ते फक्त शैक्षणिक संस्थांना देते, म्हणून त्याला वजन आहे. तोटा एकच, पण रोजचा: एक ओळ दुरुस्त करायची तर अर्ज, सही, आणि नेमका तो माणूस रजेवर.

म्हणून प्राध्यापक फुकटच्या सोयींकडे वळतात. गूगल साइट्स सर्वांत सोपं. गिटहब पेजेसवर एक जीबीपर्यंत जागा मिळते, पण तिथे फक्त तयार पानं दिसतात. प्रवेश अर्ज भरून घेऊन साठवायची सोय नाही. नोट्ससाठी हे पुरेसं आहे. मात्र धुळ्यात कुणी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या अहिराणी म्हणी केवळ अशा ठिकाणी ठेवू नयेत. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही अशीच फुकटची सेवा बंद केली, तेव्हा लाखो लोकांची पानं गेली. असा संग्रह इंटरनेट अर्काइव्हवर किंवा सर्न या संशोधन संस्थेच्या झेनोडोवरही ठेवावा. झेनोडो प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक देतं. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचं शोधगंगा आहेच.

आणि हो, म्हणी युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा सापडतो. कागद स्कॅन करून चढवला तर बहुधा तेवढंही सापडत नाही.

तिसरा मार्ग स्वतःच्या डोमेनचा. यात मोकळीक पूर्ण, पण नूतनीकरण ठरावीक मुदतीनं करावंच लागतं. ते चुकलं तर तो पत्ता उद्या दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि महाविद्यालयाच्या नावाखाली भलतीच जाहिरात झळकते. माझं मत विचाराल तर सूचना, निकाल, अभ्यासक्रम संस्थेच्याच पत्त्यावर हवेत. व्यक्तिगत पानं कुठेही चालतील.

तुमच्या महाविद्यालयाचं डोमेन कुणाच्या ई-मेलवर नोंदलंय, एवढं या आठवड्यात कार्यालयात विचारून घ्या. ते निवृत्त झालेल्या सरांच्या खासगी ई-मेलवर असेल, तर आधी ते संस्थेच्या नावावर करून घ्या.