सिलिकोसिस व कामगार नुकसानभरपाई : कायदा आणि पुराव्याचा प्रश्न

गारगोटीचा दगड भरडताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकमय सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथील पेशींचा नाश करतात आणि त्या जागी तंतुमय व्रण तयार होत जातो. हा विकार म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो.

कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ हा मूलतः अपघात डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. अपघाताला दिवस, वेळ व स्थळ असते; धुळीच्या आजाराला यांपैकी काहीच नसते. ही अडचण कायद्याने गृहीतकाच्या आधारे सोडविली. तिसऱ्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोग जडणे हीच अपघाती इजा होय, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती कामामुळेच झाली असे मानावयाचे. सिलिकोसिसच्या जोडीने होणाऱ्या क्षयाचाही अनुसूचीत समावेश होता; मात्र असमर्थतेस वा मृत्यूस सिलिकोसिस आवश्यक कारण असले पाहिजे, अशी अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे.

कागदावर ही तरतूद कामगारास अनुकूलच दिसते. परंतु गृहीतकाचा लाभ मिळण्यापूर्वी अमुक मालकाकडे ठरावीक काळ काम केले, हे कामगारालाच दाखवावे लागते. खरी मेख येथे आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागातून गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांपैकी अनेकांजवळ नोकरीचा कोणताही कागद नव्हता. ते गावी परतले आणि आजार तेथे बळावला. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने, पूर्वीच्या कामाची विचारपूस झाली नाही तर रुग्णाच्या नोंदीत धुळीचा उल्लेखही येत नाही. पुढे हीच नोंद पुरावा म्हणून मागितली जाते!

हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१० मधील शिफारशीनंतर, ४ मे २०१६ रोजी न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनास दिला. म्हणजे मूळ कायद्याने मालकावर टाकलेला भार प्रत्यक्षात शासनाने उचलला, तोही मजुरांच्या मृत्यूनंतर. राजस्थानने २०१९ च्या धोरणात वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे थेट साहाय्य देऊ केले. त्यामुळे रुग्णाची पुराव्याच्या जाचातून बरीचशी सुटका होते. परंतु भरपाईचा बोजा विशिष्ट मालकावर पडत नसल्याने पाण्याचा फवारा वा धूळ शोषणारी यंत्रणा बसविण्याचे आर्थिक कारण त्याला उरत नाही.