रिओबॉट्झ: तीन मिनिटांच्या लढतीमागचे यंत्रशास्त्र

लढाऊ रोबो म्हणजे दूरनियंत्रकाने चालणारे, ठरावीक वजनगटात बसणारे आणि समोरच्या यंत्राला निकामी करण्याच्या एकमेव हेतूने बांधलेले यंत्र होय. अशा यंत्रांची लढत जाड पारदर्शक भिंतींच्या बंदिस्त आखाड्यात होते, ती बहुधा तीन मिनिटे चालते आणि एखादे यंत्र हालचाल करेनासे झाले, तर त्याच्यापुरती तेथेच संपते. १९९४ मध्ये मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे भरवलेल्या ‘रोबोट वॉर्स’ स्पर्धेने या खेळाला नाव मिळवून दिले आणि पुढे दूरचित्रवाणीने तो घराघरांत पोहोचवला. मात्र या खेळाचे सर्वांत मोलाचे शैक्षणिक काम अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नव्हे, तर ब्राझीलमधील एका विद्यापीठात झाले, असे म्हणण्यास सबळ आधार आहे.

रिओ द जानेरो येथील पोंटिफिकल कॅथलिक विद्यापीठात २००३ मध्ये ‘रिओबॉट्झ’ हा विद्यार्थ्यांचा संघ उभा राहिला. यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्को अँतोनिओ मेज्जोलारो हे त्याचे मार्गदर्शक. धातूला तडा का जातो आणि तो कसा वाढत जातो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. ज्या खेळात प्रत्येक यंत्र तुटण्याच्या बेतात असते, त्या खेळाला असा मार्गदर्शक लाभावा, हा योग या संघाच्या साऱ्या वाटचालीत महत्त्वाचा ठरला. संघाचे सर्वांत गाजलेले यंत्र ‘तौरो’, म्हणजे बैल, हे १२० पौंड अर्थात सुमारे ५४ किलो वजनगटातील होते आणि त्याच घराण्यातील ‘मिनोटॉर’ हे २५० पौंडांचे यंत्र २०१८ च्या ‘बॅटलबॉट्स’ स्पर्धेत अंतिम लढतीपर्यंत पोहोचून ‘बाइट फोर्स’कडून पराभूत झाले.

या यंत्रांचे शस्त्र म्हणजे पुढच्या बाजूस आडवा बसवलेला, प्रचंड वेगाने फिरणारा दातेरी ड्रम. तो खालून वर फिरत असल्याने प्रतिस्पर्ध्याला दाता लागताच ते यंत्र हवेत उडते, आणि त्याचे खरे नुकसान पुष्कळदा आघाताइतकेच पुन्हा जमिनीवर आदळण्यानेही होते. फिरत्या वस्तूत साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ६ सेंटिमीटर त्रिज्येचा, १० किलोचा भरीव ड्रम मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे साडेतीन हजार ज्यूल ऊर्जा साठते. ५४ किलोचे संपूर्ण यंत्र साडेसहा मीटर उंच उचलण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे.

परंतु केवळ वेग वाढवून भागत नाही, आणि येथेच नवख्या संघाची हमखास फसगत होते. ड्रम मिनिटाला ६,००० फेरे घेतो म्हणजे सेकंदाला १०० फेरे घेतो. यंत्र सेकंदाला ३ मीटर वेगाने चाल करून गेले आणि ड्रमला एकच दाता असला, तर तो दाता पुन्हा समोर येईपर्यंत यंत्र ३० मिलिमीटर पुढे सरकलेले असते आणि दाता तेवढा खोल घास घेऊ शकतो. समोरासमोर दोन दाते बसवले की हाच घास १५ मिलिमीटरवर येतो. वेग आणखी वाढवला तर घास आणखी उथळ होतो, दाता पकड न घेता नुसता घासत जातो, ठिणग्या उडतात आणि प्रतिस्पर्ध्याचे विशेष काही बिघडत नाही. ऊर्जा आणि घास यांचा मेळ कसा घालायचा, हे कागदावर सोडवलेले गणित आखाड्यात दोन सेकंदांत तपासले जाते. अभियांत्रिकीच्या शिक्षणात इतका तत्पर परीक्षक क्वचितच भेटतो.

फिरत्या ड्रमचा दुसरा त्रास म्हणजे घूर्णदर्शी परिणाम, अर्थात फिरत्या वस्तूचा आपल्या अक्षाची दिशा बदलण्यास होणारा विरोध. ड्रम पूर्ण वेगात असताना यंत्राने झटकन वळण घेतले, तर एका बाजूची चाके जमिनीवरून उचलली जातात आणि यंत्र कलते. चालकाने वळण हळू घ्यायचे की ड्रमचा वेग क्षणभर उतरवायचा, हे आधी सरावात पक्के व्हावे लागते.

वजनाचा हिशोब हा या साऱ्या कामाचा कणा आहे. रिओबॉट्झच्या मांडणीनुसार एकूण वजनापैकी सुमारे ३० टक्के चालन यंत्रणेला, ३० टक्के शस्त्राला, २५ टक्के सांगाडा व चिलखताला आणि १५ टक्के बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्सला द्यावे. ५४ किलोच्या यंत्रात शस्त्राच्या वाट्याला म्हणजे जेमतेम १६ किलो येतात, आणि त्यात मोटर, बेल्ट, पुली, शाफ्ट व बेअरिंग हे सगळे धरावे लागते. धातूची निवडही अशीच तोलून करावी लागते. दात्यासाठी अतिकठीण पोलाद घेतले तर ते काचेसारखे तडकते, मऊ घेतले तर दात्याची धार दुमडते. म्हणून आघात सोसणारे एस-७ जातीचे पोलाद वापरून त्याला अशा बेताने पाणी दिले जाते, की कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही टिकून राहतील. सांगाड्यासाठी विमानबांधणीतील अ‍ॅल्युमिनियम आणि चिलखतासाठी टायटॅनियम यांना पसंती मिळते ती वजनाच्या मानाने त्यांची ताकद अधिक असल्यामुळे.

सुरक्षिततेचे नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. आखाड्याबाहेर शस्त्राला अडसर घातलेला असतो, बॅटरी आणि मोटर यांचा संबंध तोडणारी जोडणी बाहेरून सहज काढता येते, आणि रेडिओ संदेश तुटताच चाके व शस्त्र दोन्ही आपोआप बंद पडावे लागतात. लिथियम पॉलिमर बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते, त्यामुळे तिचे चार्जिंगदेखील देखरेखीखालीच होते. दोन लढतींच्या मध्ये अनेक स्पर्धांत किमान २० मिनिटांचाच अवधी हमखास मिळतो. तेवढ्यात वाकलेला शाफ्ट बदलणे, तुटलेली तार सोल्डर करणे आणि बॅटरी पालटणे ही कामे उरकायची असल्याने, चार स्क्रू काढताच मोटर हाती येईल अशी रचना मुळातच करावी लागते. हे शहाणपण वर्गात सांगून पटत नाही.

तथापि या संघाची सर्वांत मोठी कामगिरी यंत्रांत नसून लेखनात आहे. आपण काय बांधले, कोणता भाग कोठे तुटला, तो का तुटला आणि पुढच्या वेळी काय बदलले, हे मेज्जोलारो यांनी साडेतीनशेहून अधिक पानांच्या मार्गदर्शिकेत छायाचित्रांसह आणि सूत्रांसह मांडले. ती आधी पोर्तुगीजमध्ये आणि २००९ मध्ये विस्तारित रूपात इंग्रजीत आली, आणि विनामूल्य खुली ठेवली गेली. स्पर्धेत उतरणाऱ्या संघाने आपली गुपिते प्रतिस्पर्ध्यांच्या हाती द्यावीत, हे वरवर पाहता आत्मघाताचे वाटेल. पण इतरांचे यंत्र जितके चांगले, तितका आपल्या यंत्राचा कस लागतो, हा विचार त्यामागे दिसतो आणि तो विद्यापीठाला शोभणारा आहे.

महाराष्ट्रात या खेळाची ओळख मुख्यतः पवईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’मधल्या ‘रोबोवॉर्स’ने करून दिली. या महोत्सवाची सुरुवात १९९८ ची असून, ६० किलो गटातील लढती पाहण्यास तेथे तरुणांची झुंबड उडते. यंत्र बांधण्याचे कसब आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत नक्कीच आहे. मात्र संघातील मुले पदवी घेऊन बाहेर पडली की त्यांच्या चुकांची आणि दुरुस्त्यांची माहितीही त्यांच्याबरोबरच जाते आणि पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हा धोका प्रत्येक विद्यार्थी-संघापुढे असतो. म्हणून प्रत्येक संघाने तुटलेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी, आणि ती मराठीत ठेवावी. लेथवर काम करणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यालाही ती न अडखळता वाचता आली पाहिजे.