भिंगावरची बुरशी

ठाणे खाडीतले रोहित पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशी परतीला लागले, की मुलुंड-घाटकोपरचे कित्येक छायाचित्रप्रेमी आपला कॅमेरा चामडी पेटीत घालून कपाटात बंदोबस्ताने ठेवतात. आणि जी काळोखी, कोंदट जागा निर्धोक मानावी, तिथेच भिंगाचा शत्रू अंकुरतो. जुलैत उपनगरांतील सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते, आणि साधारणतः ७० टक्क्यांपुढे, हवा खेळती नसली, तर धुळीसोबत भिंगावर बसलेले बुरशीचे बीजाणू रुजू लागतात. काचेवर त्यांना पोषण ते कसले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु बोटांचा स्निग्ध अंश आणि सूक्ष्म धूलिकण एवढा शिधा त्यांना पुरतो, आणि त्यांच्या तंतूंतून स्रवणारी सेंद्रिय आम्ले भिंगावरील परावर्तनरोधक लेपावर, पुढे प्रत्यक्ष काचेवरही, कायमचे व्रण कोरतात. म्हणून कॅमेरा भर पावसाळ्यातही, उघडीप साधून, वापरात ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. एरवी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक, एवढी तजवीज पुरेशी. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. रंग पालटलेले जेल तापवून पुन्हा कामास येते. तांदळाच्या पुरचुंडीवर मात्र भिस्त ठेवू नये. तिची शोषणशक्ती तोकडी, शिवाय पिठूळ कण भिंगावर बसतात.