जुन्या घाटाची गिटार, परवडणाऱ्या दरात

फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार टेलिकास्टर या नावाने १९५१ साली बाजारात आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४मध्ये. त्या काळातल्या अस्सल गिटारींचे भाव आता संग्राहक ठरवतात. हौशी वादकाने त्यांचा नाद सोडलेलाच बरा.

फेंडरच्याच ‘स्क्वायर’ या स्वस्त ब्रँडखाली १९८२मध्ये जपानमध्ये जुन्या नमुन्यांच्या सुरेख प्रतिकृती बनू लागल्या. आजची ‘क्लासिक व्हाइब’ मालिका त्याच वाटेवरची आहे: पिवळसर झाक असलेली चकचकीत मान, अल्निको चुंबकांचे पिकअप. एका बाबतीत मात्र ती मुद्दाम आधुनिक ठेवली आहे. जुन्या फेंडरच्या फिंगरबोर्डची त्रिज्या सव्वासात इंच, म्हणजे गोलाई जास्त. वरच्या फ्रेटवर तार ताणली की स्वर घुसमटू शकतो. इथे ती साडेनऊ इंच असते. शिकणाऱ्याला ही तडजोड फायद्याचीच.

दुकानात रंगाला भुलू नये. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहावे. तारेखाली केसभर फट हवी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड जुळवून घ्यावा लागेल. मानेच्या कडेने बोट फिरवावे, फ्रेटची टोके टोचता कामा नयेत. अ‍ॅम्पला जोडून आवाजाचे बटण फिरवावे, खरखर लगेच कळते.

सगळे पैसे गिटारीवरच संपवू नका. जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घेण्यापुरते राखून ठेवा.